इलेक्ट्रोडने कॉक्लियाला किती दुखापत केली, हे ठरवायचं कसं?

ईएनटीच्या एका पीजी विद्यार्थिनीने विचारलंय. थिसिससाठी तिला शवाच्या टेम्पोरल बोनमध्ये (कानाभोवतीच्या हाडात) दोन तऱ्हांचे कॉक्लिअर इम्प्लांट इलेक्ट्रोड, म्हणजे बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून आतल्या कानाच्या शंखात (कॉक्लियात) घालायच्या तारा, घालून बघायचे आहेत, एक सरळ आणि एक आधीच वळवलेला, आणि कोणता आत जाताना जास्त इजा करतो ते ठरवायचं आहे. कॉलेजात कोन बीम सीटी आहे. गाइड म्हणतात, सीटी काढा, एशरागी ग्रेड (इजेला शून्य ते चार अंक देणारी मोजपट्टी) द्या, झालं. तिचे प्रश्न तीन: एवढ्यावर भागेल का, जिवंत पेशंटमध्ये हेच कसं मोजतात, आणि वीस हाडं पुरतील का.

पहिल्याचं उत्तर आधी देतो. भागणार नाही. सीटीवर इलेक्ट्रोड कुठे आहे ते दिसतं. वाटेत त्याने काय मोडलं ते दिसत नाही. एशरागी स्केल पहिल्यापासून मोडतोडीचं आहे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून द्यायचं आहे. या क्षेत्रातली निम्मी भांडणं ‘जागा’, ‘ऊतींची इजा’ आणि ‘ऐकू येणं’ या तीन गोष्टींना ‘ट्रॉमा’ हा एकच शब्द वापरल्यामुळे होतात. तिन्ही वेगळ्या आहेत, वेगवेगळ्या साधनांनी मोजाव्या लागतात आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायला गेलं की बऱ्याचदा फसगत होते.

थोडं शरीररचनेबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्कॅला म्हणजे लॅटिनमध्ये जिना. कॉक्लियाच्या अडीच वेढ्यांत दोन जिने एकावर एक चढत जातात, खालचा स्कॅला टिंपॅनाय आणि वरचा स्कॅला व्हेस्टिब्युली. दोन्हींच्या मधे चिंचोळा पोटमाळा, स्कॅला मीडिया. इलेक्ट्रोडने खालच्या जिन्यातच राहायचं असतं. या जिन्याचं छत दोन तुकड्यांचं आहे. आतल्या बाजूला हाडाचा पत्र्यासारखा पातळ कंगोरा, म्हणजे ऑसिअस स्पायरल लॅमिना. त्याच्यापुढे बाहेरच्या भिंतीपर्यंत बॅसिलर मेम्ब्रेन ताणलेला असतो आणि तिथे स्पायरल लिगामेंटला बांधलेला असतो. हेअर सेल्स, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, याच पडद्यावर बसलेल्या आहेत. खाली-वर पेरिलिम्फ नावाचा द्रव, मधल्या पोटमाळ्यात पोटॅशियमने भरलेला एंडोलिम्फ, ज्याचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो. छताला अर्धा मिलिमीटर भोक पडलं तरी ही दोन पाणी मिसळतात आणि आजूबाजूच्या ज्या हेअर सेल्सना इलेक्ट्रोडचा स्पर्शही झालेला नाही त्या मरू लागतात. म्हणून भोक केवढं यापेक्षा भोक पडलं की नाही हा प्रश्न मोठा.

आता इजा होते कशी. सरळ इलेक्ट्रोड राउंड विंडोतून (खालच्या जिन्याच्या तोंडाशी असलेल्या, पडद्याने झाकलेल्या खिडकीतून) आत शिरला की आठ-दहा मिलिमीटरवर पहिल्यांदा बाहेरच्या भिंतीला टेकतो. तिथून पुढे तो भिंतीला घासत, वळत जातो. टोक किंचित वर रोखलेलं असेल तर ते भिंतीवरून सरकत छताशी पोचतं, पडदा उचलतं, जोर दिला तर फाडून वरच्या जिन्यात जातं. वळवलेल्या इलेक्ट्रोडचं गणित निराळं. तो स्टायलेटवर (आतल्या ताठ तारेवर) किंवा म्यानात सरळ धरलेला असतो आणि योग्य खोलीवर सोडायचा असतो. उशिरा सोडला तर ताठ टोक बाहेरच्या भिंतीवर आदळतं. लवकर सोडला तर टोक स्वतःवरच दुमडतं. वरच्या जिन्यात घुसण्याची घटना बहुतेक वेळा पहिल्या वेढ्यात १८० अंशांच्या आसपास घडते, म्हणून सेक्शन बघताना सगळ्यात आधी तिथे नजर टाकायची.

आणि एक इजा इलेक्ट्रोड आत जायच्या आधीच होते, जी थिसिसमध्ये कोणी मोजत नाही. कोक्लिओस्टॉमी (इलेक्ट्रोडसाठी कॉक्लियाला ड्रिलने पाडायचं भोक) जरा वर झाली तर ड्रिलच थेट स्पायरल लिगामेंट किंवा लॅमिना खातो. राउंड विंडोच्या पुढे-खाली राहायचं, हे शिकवलं सगळ्यांना जातं, पण फेशियल रिसेस (कानामागून तिथे पोचायची वाट) अरुंद निघाला आणि कोन मिळेना की हात आपोआप वर सरकतो. तुम्ही दोन इलेक्ट्रोडची तुलना करताय, तर सगळ्या हाडांत उघडायची पद्धत एकच ठेवा. राउंड विंडो तर राउंड विंडो. नाहीतर शेवटी हातात येईल ती ड्रिलची तुलना.

सीटीकडे येऊ. कोन बीमचा व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात लहान ठोकळा) साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरचा. बॅसिलर मेम्ब्रेनची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. म्हणजे ज्याच्या फाटण्याबद्दल आपण ग्रेड देणार, तो पडदा चित्रात नाहीच. त्यात प्लॅटिनमच्या कॉन्टॅक्टमुळे (इलेक्ट्रोडवरच्या, वीज देणाऱ्या ठिपक्यांमुळे) इलेक्ट्रोडची सावली फुगते. अर्ध्या मिलिमीटरचा इलेक्ट्रोड जवळजवळ दुप्पट जाड दिसतो. खालच्या जिन्याची उंचीच जेमतेम मिलिमीटरभर, तीही वर जाताना कमी होत जाणारी. अशा ठिकाणी इलेक्ट्रोडचा मध्यबिंदू छताच्या खाली आहे की वर, हे इम्प्लांटआधीच्या सीटीशी जुळवून, रेषा काढून ठरवावं लागतं. पहिल्या वेढ्यात हे बऱ्यापैकी जमतं. दुसऱ्या वेढ्यात मी स्वतः त्यावर पैज लावणार नाही.

तर सीटीवरून खात्रीने काय सांगता येतं? इलेक्ट्रोड किती अंश आत गेला. राउंड विंडोचा मध्य शून्य धरायचा, एक पूर्ण वेढा ३६० अंश. सगळे कॉन्टॅक्ट आत आहेत का. टोक दुमडलंय का. पहिल्या वेढ्यात तो वरच्या जिन्यात गेलाय का. एवढं थिसिसच्या अर्ध्या भागाला पुरेसं आहे, फक्त त्याला ‘जागा’ म्हणा, ‘ग्रेड’ म्हणू नका.

मायक्रो सीटी उपलब्ध असेल तर चित्र बदलतं. १०-२० मायक्रॉनचा व्हॉक्सेल मिळतो आणि ऑस्मियमसारखं रंजक वापरलं तर पडदेही दिसतात. पण धातूची सावली तिथेही पाठ सोडत नाही, आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइड विषारी, उडून डोळ्यांना इजा करणारं रसायन आहे. फ्यूम हूडशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

राहिलं हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. इथे जरा थांबतो, कारण थिसिस बुडतात ते इथेच. नेहमीच्या टेम्पोरल बोनच्या पद्धतीत हाड महिनोन्‌महिने ईडीटीएमध्ये मऊ करतात, सेलॉइडिनमध्ये बसवतात आणि मायक्रोटोमने पातळ काप काढतात. आत प्लॅटिनम आणि सिलिकॉन असेल तर मायक्रोटोमचं पातं त्याला कापू शकत नाही. मग इलेक्ट्रोड आधी ओढून काढावा लागतो, आणि काढताना काय फाटलं व घालताना काय फाटलं याचा हिशेब कायमचा हरवतो. म्हणून इजा मोजायची असेल तर इलेक्ट्रोड आतच ठेवून, हाड मऊ न करता रेझिनमध्ये बसवायचं आणि घासत जायचं. ही घासण्याची पद्धत धातूचे इम्प्लांट असलेल्या हाडांसाठी आली आणि या कामात तीच रुळली आहे.

माझ्या हाताखाली ती अशी चालायची. इलेक्ट्रोड घातला की तो राउंड विंडोपाशी सायनोअ‍ॅक्रिलेटच्या थेंबाने, म्हणजे आपल्या साध्या फेव्हिक्विकच्या जातीच्या गोंदाने, जागीच चिकटवायचा. हे विसरलात तर हाड बरणीत टाकताना वायर ओढली जाते आणि इलेक्ट्रोड दोन मिलिमीटर बाहेर येतो. मग ओव्हल विंडोतली स्टेपीस (तिथे बसलेलं चिमुकलं हाड) हलकेच काढून तिथून बारीक सुईने फॉर्मॅलिन अगदी सावकाश आत सोडायचं. जोरात सोडलं तर आपणच पडदे फाडतो. त्यानंतर हाड छाटून कॉक्लियापुरता चौकोनी तुकडा ठेवायचा, चढत्या अल्कोहोलमधून सुकवायचा आणि व्हॅक्यूमखाली रेझिन भरायचं. व्हॅक्यूम कमी पडला तर जिन्यांत हवेचे बुडबुडे राहतात आणि नेमके १८० अंशांवर बसतात, असा माझा अनुभव. यामागे शास्त्र नाही, नशीब असावं.

ब्लॉक घट्ट झाला की एक्स-रे काढायचा. कॉक्लियाचा मधला खांब, मॉडिओलस, कुठे आहे ते त्यात बघून घासण्याची पातळी त्याला समांतर धरायची. असं केलं तर जिन्यांचे काप आडवे, गोलाकार मिळतात आणि इलेक्ट्रोड छताच्या वर की खाली हे सरळ दिसतं. तिरपं घासलं तर लॅमिना लांबट दिसते आणि तुटलेली आहे की तिरपी कापली गेली आहे ते कळत नाही. दर १०० मायक्रॉनला थांबायचं, पृष्ठभाग रंगवायचा, फोटो काढायचा, पुन्हा घासायचं. एका हाडाचे शंभरएक फोटो होतात. घासलेला थर परत मिळत नाही, त्यामुळे फोटो नीट आला की नाही हे पुढे घासण्याआधी बघायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर नाही.

एक हाड मला अजून आठवतं. वळवलेला इलेक्ट्रोड होता, माझाच हात. इतका अलगद आत गेला की शेजारच्या सहकाऱ्याला मी म्हणालो, ‘लोण्यातून सुरी.’ जोर लागला नाही, अडकलं नाही, वाकलं नाही. सीटीवर टोक ३५० अंशांच्या पुढे, छान मॉडिओलसला बिलगलेलं. घासत गेलो तर १७० अंशांपाशी लॅमिनाचा एक कण वर उचललेला, उंबऱ्याची फळी उखडून उभी राहावी तसा, आणि इलेक्ट्रोड त्याच्या डोक्यावर. पुढच्या तीन फोटोंत तो वरच्या जिन्यात होता. ग्रेड ४. हाताला काहीही कळलं नव्हतं. बॅसिलर मेम्ब्रेन फाडायला काही दहा मिलिन्यूटन एवढाच जोर पुरतो, आणि फोरसेप धरलेल्या बोटांना त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हापासून ऑपरेशन नोटमध्ये मी ‘अ‍ॅट्रॉमॅटिक इन्सर्शन’ लिहीत नाही. ‘अडथळा जाणवला नाही’ असं लिहितो.

दुसरी गोष्ट उलटी आहे आणि तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. एका मालिकेत लागोपाठ तीन हाडांत बॅसिलर मेम्ब्रेन स्पायरल लिगामेंटपासून सुटलेला दिसला. ग्रेड २, ग्रेड २, ग्रेड २. आम्ही इलेक्ट्रोडच्या नावाने बोटं मोडायला लागलो. मग एका ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्टने विचारलं, ‘दुसऱ्या कानाचं काय?’ त्याच शवांचे दुसऱ्या बाजूचे कान, ज्यात काहीच घातलं नव्हतं, तसेच सुकवून घासले. तिथेही पडदा तसाच सुटलेला. अल्कोहोलमध्ये ऊती आकसतात आणि पडदा बांधलेल्या जागेपासून सुटतो, एवढंच. राइसनर मेम्ब्रेन, म्हणजे पोटमाळ्याच्या वरचा पातळ पडदा, तर गोठवण्या-वितळवण्यात सर्रास फाटतो. त्याच्या फाटण्याला मी ग्रेडमध्ये धरतच नाही.

मग खरी इजा ओळखायची कशी? खऱ्या इजेला दिशा असते. हाडाचा कण इलेक्ट्रोडच्या रोखाने सरकलेला असतो, पडद्याच्या कडा वर ढकललेल्या असतात आणि इलेक्ट्रोड तिथेच, लागून असतो. सुकण्याने पडलेली भेग स्वच्छ असते, दोन्ही कडा एका पातळीत, इलेक्ट्रोडपासून दूरसुद्धा सापडते आणि दुसऱ्या कानातही दिसते. रक्तस्राव, सूज असला पुरावा शवात मिळत नाही, म्हणून दिशेवरच भिस्त. इलेक्ट्रोड न घातलेले निदान तीन-चार कान त्याच बरणीतून, त्याच रसायनांतून, त्याच दिवशी न्या. त्याशिवायच्या ग्रेडवर परीक्षकाने प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

हाडं कशी निवडायची? आपल्याकडच्या कॉलेजांत अ‍ॅनाटॉमी विभागातून मिळतात ती बहुधा फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली. मास्टॉइड ड्रिल करायला शिकण्यासाठी उत्तम, इजा मोजायला वाईट. त्यातला पडदा चामड्यासारखा ताठ होतो. जिवंतपणी जो नुसता उचलला गेला असता तो इथे मोडतो, आणि जो फाटला असता तो कधी कधी तग धरतो. ताजी गोठवलेली हाडं मिळवा. ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर थील यांनी बसवलेल्या पद्धतीने जतन केलेली, म्हणजे ऊती मऊ राहणारी शवं काही ठिकाणी मिळतात, तीही चालतील. देहदान, अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट आणि एथिक्स कमिटीची कागदपत्रं आधी पूर्ण करा. आणि हो, वर्कशॉपमध्ये चार जणांनी इलेक्ट्रोड घालून काढलेलं हाड फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका.

आता खुद्द स्केल. मायामीच्या एशरागी, यांग आणि बाल्कनी यांनी २००३ मध्ये तीन वळवलेल्या इलेक्ट्रोडची तुलना करताना ते वापरलं. शून्य म्हणजे इजा दिसत नाही. एक म्हणजे बॅसिलर मेम्ब्रेन उचललेला. दोन, तो किंवा स्पायरल लिगामेंट फाटलेलं. तीन, इलेक्ट्रोड वरच्या जिन्यात. चार, लॅमिना किंवा मॉडिओलसची भिंत मोडलेली. सोपं आहे, सगळे वापरतात, म्हणून तुम्हीही वापरा. पण त्याच्या मर्यादा लिहून वापरा.

पहिली मर्यादा, ते फक्त सगळ्यात वाईट जागा मोजतं. एका हाडात १७० अंशांवर सुईच्या टोकाएवढी फाट, दुसऱ्यात राउंड विंडोपासून वेढाभर पडदा लोंबतोय, दोन्ही ग्रेड २. म्हणून ग्रेडबरोबर इजा कुठे सुरू झाली आणि किती अंश पसरली ते लिहा. तुमच्या तक्त्यात हे दोन रकाने असले तर तो अनेक प्रसिद्ध लेखांपेक्षा उपयोगी ठरेल.

दुसरी, हे आकडे शिडीच्या पायऱ्या नाहीत. तीन आणि चार यांच्यातलं अंतर एक आणि दोन यांच्यातल्या अंतराएवढं आहे, असं कोणी म्हटलेलं नाही. लॅमिना मोडूनही इलेक्ट्रोड खालच्या जिन्यातच राहू शकतो. म्हणून ‘सरासरी ग्रेड १.७’ असं लिहू नका. ते वाचलं की मला पोस्टमनच्या सरासरी घर क्रमांकाची आठवण येते. प्रत्येक ग्रेडची हाडं किती ते मोजा, मध्यक द्या, आणि एका शवाचा उजवा-डावा कान जोडीने वापरला असेल तर विलकॉक्सनची जोडीवाली चाचणी लावा. जोडी वापराच. एका माणसाचे दोन्ही कॉक्लिया बऱ्यापैकी सारखे असतात, दोन माणसांचे नसतात. कोणत्या कानात कोणता इलेक्ट्रोड ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि क्रमही. नाहीतर विसाव्या हाडापर्यंत तुमचा हात बसलेला असेल आणि श्रेय शेवटी घातलेल्या इलेक्ट्रोडला जाईल.

तिसरी, ग्रेड देणारे दोघे हवेत आणि त्यांचं किती जुळतं ते वेटेड कॅपाने (दोन वाचकांची सहमती मोजणाऱ्या आकड्याने) सांगायला हवं. ‘ब्लाइंडेड’ हा शब्द मात्र जपून. काप बघताच जाणकाराला इलेक्ट्रोड कोणता ते कळतं. एक भिंतीला, एक खांबाला. झाकायला गेलात तर इजेची जागाही झाकली जाते. तेव्हा दुसरा वाचक असा घ्या ज्याला तुमचं गृहीतक माहीत नाही, आणि लेखात तसं सरळ लिहा.

चौथी मर्यादा सगळ्यात मोठी. शवाला ऐकू येत नाही, आणि शवात सूजही येत नाही. ग्रेड शून्य असलेल्या इलेक्ट्रोडभोवतीसुद्धा जिवंत कानात काही महिन्यांत तंतुमय ऊती आणि कधी नवं हाड तयार होतं, विशेषतः उघडलेल्या जागेपाशी. ज्यांचं उरलेलं ऐकणं स्विच-ऑनच्या (इम्प्लांट पहिल्यांदा सुरू करण्याच्या) दिवशी शाबूत होतं आणि सहा महिन्यांनी गेलं, असे पेशंट आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. तुमचा थिसिस त्यांच्याबद्दल काही सांगू शकत नाही. त्यामुळे निष्कर्षात ‘या इलेक्ट्रोडने श्रवण टिकते’ असं लिहायचं नाही.

हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेतं. जिवंत पेशंटमध्ये पडदा बघायची सोय नाही. आहे ते ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख), आणि ऑपरेशन चालू असताना घेतलेली इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी.

ऑडिओग्रामबद्दल एकच सांगतो. ‘१५ डेसिबल गेले’ हा आकडा एकटा निरर्थक आहे. २०१३ मध्ये हिअरिंग (HEARRING) या इम्प्लांट तज्ज्ञांच्या गटाने जे सूत्र दिलं त्यात, गमावण्यासारखं होतं त्यातलं किती उरलं, हे काढतात. समजा यंत्राची कमाल मर्यादा १२० धरली. आधी ७० डेसिबलवर ऐकणाऱ्याचा उंबरठा ८५ झाला, तर गमावण्यासारखे ५० होते, गेले १५, उरलं ७० टक्के. आधीच ९५ वर असलेला ११० वर गेला, तर २५ पैकी १५ गेले, उरलं ४० टक्के. दोघांचे १५च, पण इजा सारखी नाही. ७५ टक्क्यांच्या वर उरलं तर पूर्ण, २५ ते ७५ अंशतः, त्याखाली नाममात्र. स्विच-ऑन, सहा महिने, वर्ष, असं परत परत मोजायचं.

इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी जास्त रंजक आहे. कानाच्या नळीत प्लग, त्यातून बहुधा ५०० हर्ट्‌झचा मोठा सूर, १०० डेसिबलच्या पुढे. आत जाणाऱ्या इलेक्ट्रोडच्या टोकाचा कॉन्टॅक्टच मायक्रोफोनसारखा हेअर सेल्सचा प्रतिसाद पकडतो. टोक पुढे सरकतं तसा सिग्नल वाढत जातो, कारण ५०० हर्ट्‌झची जागा जवळ येते. आणि मधेच तो पडतो. बरेच जण ३० टक्क्यांची घसरण धोक्याची मानतात.

पडला म्हणजे फाटलं, असं मात्र नाही. तीन शक्यता असतात. इलेक्ट्रोड पडद्याला टेकला आणि त्याची थरथर थांबवली. अर्धा मिलिमीटर मागे घेतला की सिग्नल परत येतो. किंवा खरोखर फाटलं. मग परत येत नाही. किंवा टोक त्या सुराच्या जागेच्या पुढे निघून गेलंय, सगळं ठीक आहे, आणि आपण उगाच घामाघूम होतोय. ऑपरेशन टेबलवर यांतलं कोणतं ते दहा सेकंदांत ठरवायचं असतं. मी आधी हात थांबवतो. ऑडिओलॉजिस्टला फेज (सिग्नलची लाट पुढे-मागे सरकलीय का ते) बघायला सांगतो. मग अगदी किंचित मागे घेतो, वाट बघतो, आणि वेग कमी करून पुढे जातो. पूर्ण बाहेर काढून पुन्हा घालणं शक्यतो टाळतो, कारण दुसऱ्यांदा आत जाणारा इलेक्ट्रोड तीच जखम शोधत जातो.

वेगाबद्दल एक कबुली. सेकंदाला एक मिलिमीटरच्या खाली माणसाचा हात सलग चालत नाही. तो थांबतो, चालतो, थांबतो, आणि प्रत्येक सुरुवातीला आत दाबाचा एक झटका जातो. मोटरवर सावकाश पुढे ढकलणारी साधनं याच कारणासाठी आली. त्यातल्या आयोटासॉफ्टला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली. पॅरिसचा रोबोटॉल हा रोबोटही आहे. बर्नहून आलेला हिअरो मुख्यतः कॉक्लियापर्यंतची वाट ड्रिल करणारा रोबोट. यंत्राचा वेग स्थिर असतो हे नक्की. पण टोकाचा रोख चुकला असेल तर यंत्र तो चुकलेला रोखच अतिशय सावकाश आणि स्थिरपणे पुढे नेतं.

‘आपल्याकडे जन्मतः ठार बहिऱ्या मुलांना इम्प्लांट होतात, त्यांना वाचवण्यासारखं ऐकूच येत नाही, मग इजेची एवढी चर्चा कशाला?’ असा सूर तुमच्याही विभागात कानावर येईल. अ‍ॅडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) पाच वर्षांखालच्या मुलांना जे इम्प्लांट मिळतात, ज्याचं काम वांद्र्याच्या अलीयावर जंग संस्थेकडून चालतं, ती मुलं बहुतेक याच गटातली. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला आणखी सत्तर वर्षं जगायचंय. यंत्र कधीतरी बंद पडणार, दुसरं, तिसरं घालावं लागणार, त्याच जिन्यातून. पहिल्या खेपेला मोडलेल्या लॅमिनाभोवती हाड वाढलं तर तो जिना बंद होतो. शिवाय मॉडिओलसमधल्या ज्या चेतापेशींवर हे सगळं अवलंबून आहे, त्यांचे तंतू याच लॅमिनामधून हेअर सेल्सकडे जातात. या मुलांना ऑपरेशननंतर सीटी काढावा असं मात्र मी म्हणणार नाही. कॉक्लिअर व्ह्यूचा एक साधा एक्स-रे पुरतो. टोक दुमडलंय का आणि किती अंश आत आहे, एवढं त्यावर दिसतं आणि टेबलवरून उतरवण्यापूर्वी दुरुस्त करता येतं.

शेवटी वीस हाडं. वीस म्हणजे दहा जोड्या, पीजी थिसिसला ठीक. पण समजा सरळ इलेक्ट्रोड दहापैकी शून्य वेळा वरच्या जिन्यात गेला. मोह होईल ‘धोका नाही’ म्हणायचा. दहात शून्य याचा ९५ टक्के विश्वासार्हतेने अर्थ एवढाच, की खरं प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंतसुद्धा असू शकतं. तेव्हा ‘कोणता इलेक्ट्रोड सुरक्षित’ हा प्रश्न शीर्षकातून काढा आणि ‘सीटीवर दिसलेली जागा व हिस्टॉलॉजीवरील इजा किती जुळतात’ हा घाला. वीस हाडांत त्याचं बरंच चांगलं उत्तर मिळतं, कारण प्रत्येक हाड दर ४५ अंशांना एकेक जोडी निरीक्षणं देतं. ती एकाच हाडातली आहेत हे मात्र विश्लेषणात धरायला संख्याशास्त्रज्ञाला सांगा.

गाइडशी वाद घालू नका. आधी इलेक्ट्रोड न घातलेला एक कान घ्या, ठरवलेल्या पद्धतीने सुकवा, रेझिनमध्ये बसवा, घासा आणि पहिल्या वेढ्याचे फोटो त्यांच्यासमोर ठेवून ग्रेड द्यायला सांगा. सरांनी दोन दिला तर सिनॉप्सिस बदलायला ते स्वतःच सांगतील.